भिंतीलगतचा खड्डा

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज किल्लारीजवळच्या एका गावात मला तुझा फार राग आला.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. खोदकामाआधी जमिनीखाली काय आहे ते शोधायचं. एका रेषेत छोटे खुंट रोवायचे, त्यांची वायर मशीनला जोडायची आणि लोखंडी पत्र्यावर घण घालायचा. हादरा मऊ मातीतून रमतगमत जातो, दगडातून धावत. खुंटांपर्यंत पोचायला लागलेल्या वेळावरून खालचं कळतं. तेवढा वेळ गिरणी बंद, जीप बंद, माणसांनीही हलायचं नाही. हे जमवताना माझं डोकं उठलं. शेवटी पहिला घण पडला, तर शेजारच्या घरात काहीतरी खणकन वाजलं आणि एक म्हातारी अनवाणी अंगणात धावली. काय पडलं ते मला न बघताच कळलं. पालथ्या पेल्यावर ठेवलेला दुसरा पेला.

भूकंपानंतर आपल्याही स्वयंपाकघरात असेच दोन पितळी पेले असायचे. जमीन हलली तर वरचा पडेल, आपण जागे होऊ. पाहुण्यांसाठी मी वरचा पेला उचलते आहे आणि तू हातावर चापट मारते आहेस, "ठिव तिथं. जमिनीचा भरवसा न्हाई." मांजरीने पाडला तरी तू आम्हाला गोधडीसकट अंगणात काढायचीस, थंडीतसुद्धा. त्या वाक्याचा मला इतका वीट आला की मी नांदेडला जाऊन जमीनच शिकले.

आज मशीनने स्वच्छ सांगितलं. पाण्याच्या टाकीसाठी जिथे खोदायचंय, तिथे म्हातारीच्या घराकडे काळी माती खोलवर गेली आहे. कडा सरळ कापली तर तिची भिंत खड्ड्यात येईल. उताराने खोदा, नाहीतर आधार द्या, एवढंच मी म्हणत होते. टाकीचं काम घेतलेला गुत्तेदार हसला. "म्याडम, भूकंपाची मशीन आणून तुम्ही लोकायला भेवडून राहिल्या. सकाळी जेसीबी येतीय." कामावरचा इंजिनिअर म्हणाला, रिपोर्ट पाठवा, बघू. त्यांचं बघणं मी ओळखून आहे.

मी म्हातारीकडे गेले. ती पेले पुन्हा रचत होती.

"बाई, पुन्हा येणार हाय का?"

"भूकंप नाही, मावशी. तुमच्या भिंतीला लागून खड्डा खोदणार आहेत. भिंत पडू शकते."

"खड्डा व्हय. खड्ड्याला काय भ्यायचं?"

मी तिला मशीनवरच्या रेघा दाखवल्या. तिने कौतुकाने पाहिल्या आणि चहा ठेवायला उठली. मी वैतागले आणि तोंडातून निघून गेलं, "मावशी, जमिनीचा भरवसा न्हाई. खड्डा बुजेपर्यंत अंगणात झोपा." तिने चहा सोडून गोधडी काखेत घेतली.

ती बाहेर झोपेल. भिंत मात्र अंगणात नेता येत नाही. उद्या जेसीबीच्या आधी मी तिथे पोचणार आहे. भांडण ठरलेलंच आहे. लातूरला परतताना एसटीत बसून हे लिहितेय. टपालात टाकायचं नाहीच. तू असतीस तर यातलं अक्षरही तुला सांगितलं नसतं. मी तुझंच वाक्य वापरलं, आणि वापरताना मला ते खरं वाटलं.