लेथच्या ग्रुपवर चामड्याचा पट्टा

मंगळवार, संध्याकाळ. नाचणगाव

आज लेथला हात लावला नाही, फोनच पाहत बसलो. घरी हौसेनं लेथवर धातू कातणाऱ्यांचा आमचा फोनवरचा ग्रुप समुद्रपूरच्या नामदेवकाकांनी काढलेला. लेथशिवाय दुसरं बोलायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

सकाळी केळझरच्या शोभाताईंनी फोटो टाकला. त्यांच्या नवऱ्याची उजव्या हाताची बोटं मळणीयंत्रात गेली. तेव्हापासून ताईच भरवतात. आता त्यांनी पितळेची कडी कातून तीत चमचा बसवलाय आणि ती चामड्याच्या पट्ट्यानं हाताला बांधायची. पण पट्टा काचतो, काय करू, एवढंच विचारलं. लगेच एकानं लिहिलं, "हा चामड्याचा ग्रुप नाही." ताईंनी फोटो काढून टाकला.

तो पट्टा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. आपण काही लिहावं का?

तेवढ्यात ग्रुपवर नामदेवकाकांचा व्हॉइस मेसेज आला. "नियम माहाच होता, मीच मोडून राह्यलो. माणसाले हातानं जेवता येत नाई अन् आपण नियम घेऊन बसलो? ताई, फोटो पुन्हा टाकजो. लाकूड, चामडं, वेल्डिंग, हातानं बनते ते सारं इथं चालन."

स्वतःचाच नियम मोडायचा, तोही सगळ्यांसमोर! मला जमलं असतं?

मग दुपारभर पट्ट्याचीच चर्चा. आतून जुन्या स्वेटरचा तुकडा लावा, कडा तासा. टोकणाऱ्यानंच टाके कुठे घ्यायचे ते चित्र काढून दाखवलं.

आत्ताच ताईंचा निरोप आला. "यायनं आज वरण-भात सोताच्या हातानं खाल्ला. मले म्हणे, माह्याकडं काय पाहून राह्यली, तुहं ताट वाढून घे."