ऐंशी शिपायांचे आठ तंबू

प्रिय गुद्रुन,

मे महिन्यात तू फोनवर म्हणालीस, "चार आठवडे येऊन आईजवळ राहशील का?" आणि मी म्हणालो, "प्रदर्शन होऊ दे, मग बघू." तू हसलीस. "बरं, आधी तुझे रोमन, मग आम्ही." ते हसू अजून माझ्या मानगुटीवर बसलंय. आईला उठवणं, भरवणं, तिच्या त्याच प्रश्नाला पाचव्यांदा उत्तर देणं, हे तीन वर्षं तू एकटी करतेस. आणि मी इथे माइन्त्सच्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शिपायांची काळजी वाहतोय!

मन लावून वाहिली, बरं का. तलवारी कोपऱ्यात ढकलल्या आणि मधोमध जातं मांडलं, कारण हे बहाद्दर दिवसभर चालून आल्यावर स्वतःचं पीठ स्वतःच दळायचे. तळाला खिळे ठोकलेल्या चपलाही आहेत. एकीची टाच एकाच बाजूनं झिजलीय, आपल्या बाबांच्या बुटांची झिजायची तशी. ती बघून मला भरून आलं.

घोळ झाला तो तंबूंचा. ऐंशी शिपायांची तुकडी, एका तंबूत आठ जण, म्हणून मी छावणीच्या देखाव्यात दहा तंबू आखले. ते दालनात मावेनात. भिंत सरकवा म्हणून मी दोन आठवडे सगळ्यांचं डोकं खाल्लं. शेवटी आमचा सुतार बुर्खार्ट, सैन्यात राहून आलेला गडी, कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाला, "काय हो साहेब, तुमची अख्खी पलटण एकदमच घोरते का? पहाऱ्यावर कोण, तुमची सासू?" पुरातत्त्ववाल्या बाईंनी जुना ग्रंथ उघडला. त्यात स्पष्ट होतं: आळीपाळीनं सोळा जण कायम पहाऱ्यावर, म्हणून तंबू आठच ठोकायचे. सगळे हसले, मीही हसलो. मग सामानाच्या खोलीत जाऊन रडलो. पहारे बदलायचे, गुद्रुन. एकाच माणसाला कुणी तीन वर्षं उभं करत नसे.

म्हणून हे पत्र. बारा सप्टेंबरला उद्घाटन आहे, तेराला सकाळच्या गाडीनं मी निघतोय. चार आठवडे नाही, नाताळापर्यंत बिनपगारी रजा घेतली आहे. औषधं कोणती, सूप किती पातळ लागतं, आई चिडली की काय बोलायचं, सगळं लिहून ठेव. ती मला ओळखेल की नाही याची धास्ती वाटते, पण ते माझं मी बघेन. तू समुद्रावर जा, नाहीतर घरातच दुपारपर्यंत झोप. फक्त दारात "कशाला आलास?" असं म्हणू नकोस. "उशीर केलास" म्हण. ते खरं आहे.

तुझाच,
राल्फ