तंबोऱ्याची तब्येत

गोंदिया
ता. २ फेब्रुवारी १९५८

शामाबाईले, मुक्काम अर्जुनी,

तुझ्या भावाचा, जागेश्वरचा नमस्कार. आई, बाबा, मी, म्हैस, सारे मजेत. लाखोळीची डाळ भरडून झाली. आईले ती ठेवायले एक नवं भांडं भेटलं. मोठं, गोल, हलकं. ती खूश आहे.

दुधराम भाऊजींचा तंबोराही मजेत. त्यायच्या वडलांची निशाणी, तू शब्द टाकला म्हणूनच माझ्या हाती आली, हे मी विसरलो नाही. "नुसत्या तारा बदलून आणतो," म्हटलं होतं. तारा बदलल्या.

त्यातली एक सायकलच्या ब्रेकची आहे.

थांब, सांगतो. नाताळात इथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच होता. एका गार्डाचा साळा कलकत्त्याहून आलेला. त्याच्याजवळ विजेवर चालणारी बेस गिटार! नुसती फळी, पोट नाही, चार जाड तारा. त्यानं एक छेडली अन् बाई, आवाज कानात आलाच नाही, सरळ छातीत आला. मी विचारलं, "साहब, एक बार हाथ लगाऊँ?" तो म्हणे, "देखो, छुओ मत." घरी आलो तर खुंटीवर तंबोरा. त्यालेही चारच तारा. आता सांग, यात माझी काय चूक?

भंगारवाल्याकडून टेलिफोनचा तुटका रिसिव्हर आणला, त्यातल्या लोहचुंबकावर तांब्याची केसाएवढी तार गुंडाळली. पाच हजार वेढे. आईनं तीनदा जेवायले बोलावलं, मी तीनदा पहिल्यापासून सुरू केलं. ते तारांखाली बसवलं अन् त्याची वायर रेडिओच्या मागं, ग्रामोफोन जोडायच्या भोकात घातली. तीन तारा बोलल्या. चौथी, खर्जाची, मुकी. दोन दिवस मी तिच्यावर रागावून राहिलो. मग समजलं, ती पितळेची, अन् लोहचुंबक पितळेले ओळखत नाही. म्हणून ब्रेक. सायकल शेजारच्या खुशालची. तो आता चप्पल घासत थांबते.

सूर मी राईसमिलच्या भोंग्यावर लावतो. आठचा भोंगा म्हणजे सा. सोमवारी मिलमध्ये वाफ कमी होती, तर दिवसभर मी अर्धा सूर खाली.

फक्त एक भानगड झाली. रेडिओचा आवाज वाढवला की तंबोऱ्याचा भोपळा घूंऽऽ करून रडे. आवाज त्याच्या पोकळ पोटात शिरे, तारा आपोआप हलत, अन् रेडिओ आणखी बोंबले. शेजारची जमुनाबाई पोरं घेऊन रस्त्यावर पळाली. "भूकंप झाला काय रे?" कलकत्त्याच्या गिटारीले पोट काऊन नाही, ते तेव्हा कळलं.

आईचं नवं भांडं आता तुझ्या ध्यानात आलं असंल.

आरीनं कापला. चीर गेली नाही. त्याच्या जागी सागाची फळी ठोकली. यातलं भाऊजीले एक अक्षर सांगू नको. इथून पुढचं तर त्यायच्यासमोर वाचूच...

अरे देवा. तुले पत्र भाऊजीच वाचून दाखवतात.

भाऊजी, नमस्कार.

कागद फाडणार होतो. पण दुसऱ्यांदा लिहिलं तर मी त्यात सुधारणा करीन, माझा मले भरवसा नाही. तुम्ही आता थांबले असाल अन् बाई विचारत असंल, "काऊन थांबले जी? पुढं काय लिवलं?" तिले रागावू नका. ती माझ्यासाठी बोलली, एवढीच तिची चूक.

शिवरात्रीले तुमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेत तुमच्या भजनमंडळीले तंबोरा लागते, मले ठाऊक आहे. भोपळा सरेसानं चिकटवून पुन्हा बसवता येते. तुम्ही म्हणाल तर चार दिवस आधी अर्जुनीले आणून देतो.

त्याआधी एक ऐका. बाबाचे कान मिलच्या बावीस वर्षांत गेले. भजनाले जाणं त्यायनं सोडलं. "लोकायची तोंडं हलताना कायले पाहू?" म्हणत. मंगळवारी ते रेडिओवर चष्मा चाचपत होते अन् मी खर्ज छेडला. त्यायचा हात रेडिओवरच थांबला. म्हणाले, "कोण गाऊन राहिलं?"

आता रोज सकाळी रेडिओवर दोन्ही हात ठेवून बसतात अन् तुमच्या वडलांसोबत गायलेली भजनं म्हणतात. सुरात. काल मलेच दटावलं, "तिसरी उतरली रे, गाढवा." उतरली होती.

भोपळा जोडला की रडणं सुरू. म्हणजे रेडिओ बंद. म्हणजे बाबा बंद. हे ठरवणं माझ्या अकलेचं काम नाही. तंबोरा तुमचा, तुम्हीच ठरवा. फक्त ठरवायले इथं या, बाईले घेऊन. बाबाच्या हाताशेजारी तुमचा हात ठेवा, मी खर्ज छेडतो. मग सांगा, भोपळा कुठं पाहिजे.

हे सारं तिले वाचून दाखवा. मधलं गाळू नका, तिले तुमचं गाळणं समजते.

आरी आईच्या ताब्यात देऊन,
तिचा भाऊ अन् अजून तरी तुमचा साळा,
जागेश्वर

ता. क. आई विचारून राहिली, डाळ काढून ठेवू का राहू देऊ?