वाळूतली निंदणी

निफाड,
२० एप्रिल २०२५

सविता,

नमस्कार गं. तू आणि सुनीलभाऊजी बरे असाल असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि तसाच ठेवतेस, म्हणून शेवटी पोस्टातून कागद आणला. पोस्टातला माणूस म्हणाला, "काकू, राखीला अजून लय टाइम हाय." त्याला काय सांगणार, नाशिकच्या होस्टेलात तीन वर्षं एका खोलीत राहिलेली मैत्रीण वर्षभर बोलत नाही म्हणून!

इकडची खबर अशी. बाग संपली, माल गेला. खरडछाटणीही उरकली. तुला आठवत असेल, छाटणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे बागेत कोणी चपला घालून शिरत नाही. नारळ फोडायचा, पहिल्या ओळीत अनवाणी जायचं, मग कात्री चालवायची. यंदा मी चपला काढल्या नाहीत. मालकांच्या लगेच लक्षात आलं. "पायात काटा गेला का?" म्हणाले. मी हो म्हटलं.

काटा नाही गेला. पायांची आग परत सुरू झाली आहे, दिवाळीपासून. तळव्यांवर निखारे ठेवल्यासारखं होतं. डॉक्टरांनी मागेच सगळ्या तपासण्या केल्या होत्या, साखर नाही, काही नाही. गोळ्या दिल्या, त्या आजही डब्यात आहेत. खरं औषध तू दिलं होतंस. "आठ दिवस माझ्याकडे ये, ओहोटी लागली की ओल्या वाळूवर अनवाणी चाल," म्हणालीस, आणि मी तुला हसले होते. जन्म गेला ढेकळात, मला काय चालायला शिकवतेस, म्हणून.

पहिल्या दिवशी तर मी चपला हातात घेऊन चालले होते, कोणी नेईल म्हणून. तुमच्याकडच्या मासळीवाल्या बायका किती हसल्या! ती वाळू पायाखाली घट्ट असते, आणि पाऊल उचललं की खड्ड्यात हळूच पाणी भरतं. चौथ्या दिवशी दुपारी जेवून जी झोपले, ती तू चहाला हलवून उठवलंस तेव्हाच उठले. अशी झोप मला लग्नाआधी लागली असेल.

मग मला कुठे गप्प बसवतंय. निफाडात येऊन अकरा बायका गोळा केल्या. अनवाणी मंडळ असं नाव मीच ठेवलं. पण इथे चालायचं कुठे? शिवारातली काळी माती पायाला चिकटून किलोभर होते. पंचवटीत गेलो तर गोदावरीच्या काठाला वाळू शोधून सापडत नाही, सगळा फरशीचा घाट. म्हणून गेल्या मे महिन्यात सगळ्यांना घेऊन तुझ्याकडे आले.

तेव्हा जे झालं त्याबद्दल मी लिहीत बसत नाही. बायकांच्या हातून चूक झाली. मुद्दाम कोणी केलं नाही, एवढं तू समजून घेशील.

तुमच्या गावचा एक व्हिडिओ फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. जुलैच्या उधाणाचा आहे म्हणे. पाणी नेमकं त्याच जागेतून आत घुसलेलं दिसतंय आणि मागे तुझं कंपाउंड आहे. विहिरीचं पाणी खारट झालं हे खरं का? तुला दुसरीकडून पाणी आणावं लागतं का? मला कळव.

भागीबाई यंदा द्राक्षांच्या खुड्याला, मजुरीला आली नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. आजारी असेल.

तुझ्यासाठी बेदाणे पाठवले आहेत, सावलीत वाळवलेले. घरचेच आहेत, नाही म्हणू नकोस.

तुझी,
लंका

*

निफाड,
१० मे २०२५

सविता,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "बेदाणे मिळाले. भागीबाई आजारी नाही, लंका."

ते कार्ड मी फ्रिजवर ठेवलं, मग देवघरात ठेवलं, मग माझ्या उशीखाली ठेवलं. कुठेच ठेवता येईना. तुझं माहेर सुरगाण्याचं, तिचं गाव तिथून दोन टेकड्यांपलीकडे. तुला सगळं ठाऊक असणारच. तरी मी माझ्या हाताने लिहिते. तू त्या दिवशी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला पालघरला गेली होतीस, तेव्हा तू पाहिलंस ते मागाहून.

सकाळी चालून झाल्यावर आम्ही म्हटलं, या वाळूचं इतकं घेतलं, काही तरी देऊन जाऊ. पोती काढली. प्लास्टिक, बाटल्या, तुटक्या जाळ्यांचे तुकडे, एकाच पायाच्या चपला, नऊ पोती भरली. तिथेच थांबायला हवं होतं. थांबेन ती मी कसली!

तुझ्या फाटकापुढे वाळूचा जो उंचवटा होता, त्यावर तो वेल पसरला होता. आपट्यासारखी पानं, जांभळी फुलं. तुम्ही त्याला मर्यादवेल म्हणता हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझं डोकं बागेतलं. आपण लावलं नाही ते तण, एवढंच मला कळतं. मालक म्हणतात, हिला दुसऱ्याच्या लग्नाला नेलं तरी मांडवातलं गवत उपटून येईल. मी म्हटलं, "बायांनो, एवढा पट्टा साफ करू. चालायला मोकळं होईल, दिसायलाही बरं दिसेल." खुरपी आमच्या टेंपोत होतीच. द्राक्षवाल्यांच्या टेंपोत नसतील तर कोणाच्या असणार?

भागीबाईला मी स्वयंपाकाला आणलं होतं. ती भाकरी टाकायची सोडून आली, वेलाखाली हात घातला, मूठभर वाळू उचलून बघितली आणि म्हणाली, "बाई, ह्या येलानं रेती धरून ठेवलीया. नका वढू."

मी काय म्हणाले सांगू? "भागीबाई, तुला द्राक्षातलं कळत नाही तर समुद्रातलं काय कळणार?" सगळ्या हसल्या. मग माझंच खुरपं मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चल, लाग. तुझा हात चांगला बसतो."

तिने काढला. आम्ही सगळ्यांनी काढला. तुझ्या फाटकापासून होड्या ओढतात तिथपर्यंत, सत्तर पावलं. आणि कसा काढला! निंदणीत आमचा हात कोणी धरू शकत नाही. एक मूळ ठेवलं नाही. ढीग घालून पेटवला. मी फोटो काढला, आधीचा आणि नंतरचा, आणि गावातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस जणींनी अंगठे दाखवले.

चारच्या सुमाराला होड्यांकडून माणसं आली. होडीवाल्यांचा म्होरक्या, तो म्हातारा तांडेल, पुढे होता. त्याने धुराकडे बघितलं, उघड्या वाळूकडे बघितलं. ओरडला नाही. "कोणी काढलं?" एवढंच म्हणाला.

आम्ही बारा जणी उभ्या होतो. खुरपं भागीबाईच्या हातात होतं. कोणीतरी म्हणालं, "ह्या बाईनं."

सविता, तिने खुरपं खाली ठेवलं, वाळूवर गुडघे टेकले, सगळ्या गावासमोर हात जोडले. "चुकलं बाबा, माफी करा." गावातल्या बायका चिडून तिला काय काय बोलल्या. तांडेल म्हणाला, "हिला परत इथे आणू नका." मी तिच्यामागे चार पावलांवर होते. माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या.

टेंपोत तिने ते खुरपं लुगड्याला पुसलं आणि मला परत दिलं.

आता तुझ्या विहिरीचं मला कळतंय. तुझ्या माहेरच्या बाजूच्या बाईला मी तुझ्याच दारात गुडघ्यांवर बसवलं, हेही कळतंय. पावसाच्या आत मी काहीतरी करणार आहे. काय, ते अजून ठरलं नाही. पण आधी सुरगाण्याला जाते.

लंका

*

निफाड,
२ जून २०२५

सविता,

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला, माझ्याकडे वाट बघायला वेळ नाही. म्हणून सरळ लिहिते.

मी सुरगाण्याला गेले. बसने गेले, गाडी नेली नाही. भागीबाईने दारात घोंगडी टाकली, कोरा चहा दिला, बागेची चौकशी केली, मालकांच्या खोकल्याची चौकशी केली. मी आल्याचं तिला नवल वाटलं नाही, की तिने ते दाखवलं नाही, कोण जाणे. मी सगळं पाठ करून गेले होते. तुला लिहिलं तेच तिला सांगितलं. खुरपं मी दिलं, हुकूम मी सोडला, आणि कोणीतरी तुझं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसले, माझं चुकलं.

तिने चहाची कपबशी बाजूला ठेवली. "कोणीतरी नाय बाई," म्हणाली. "तुमी घ्येतलं."

तुला लिहिलेल्या पत्रात मी "कोणीतरी" म्हटलं होतं ना? वर्षभर मी स्वतःलाही तसंच सांगत होते. अकरा जणींची तोंडं आठवून बघत होते, कोण बोललं असेल. सविता, मीच बोलले. "ह्या बाईनं" हे शब्द माझे. तो म्हातारा समोर आला. मंडळाची मी प्रमुख, माझं नाव, तुझं घर तिथे, आणि समोर बाईच्या हातात आयतं खुरपं. एका क्षणात बोलून गेले. मला लाज वाटते. हे लिहितानाही वाटते आहे.

मी रडले. तिने रडू दिलं. मग उठून घरामागे घेऊन गेली.

फुटक्या पिंपात तुमचा वेल होता. नाल्याची वाळू भरून त्यात लावलेला. पिंपाबाहेर पडून कुडाच्या कडेने पार शेळीच्या खुंटीपर्यंत गेला होता, आणि त्याला जांभळी फुलं आली होती. ढीग पेटवायच्या आधी तिने त्यातला हातभर तुकडा काढून ओल्या फडक्यात गुंडाळला होता. माझ्या टेंपोतून, माझ्या शेजारी बसून तिने तो आणला आणि मला पत्ता नाही. मी विचारलं, "कशाला आणलास गं?" तर म्हणाली, "काढला तर लावाय नको का?"

तिथेच आमचं ठरलं. मर्यादवेलाची काडी द्राक्षासारखीच लागते. तीन डोळ्यांची कापायची, दोन वाळूत पुरायचे. हे काम मला येतं. निदान हे तरी येतं. भागीबाई माझ्याबरोबर निफाडला आली. शेडनेटमध्ये आम्ही एकशे साठ पिशव्या भरल्या. मी काळी माती घालायला निघाले तर माझ्या हातावर चापट मारली. "रेतीतला येल हाय, चिखलात मारता का त्याला?" या कामावर मुकादम ती, मजूर मी. मालक कट्ट्यावर बसून मजा बघत होते. एकशे एकेचाळीस जगल्या. नवी पालवी आली आहे.

मंडळाला बोलावून मी सगळं सांगितलं. सहा जणी उठून गेल्या. एक म्हणाली, "झालं गेलं, आता उकरून आपलंच नाव खराब व्हईल." मी म्हटलं, होऊ दे. पाच जणी येतात. रविवारी, आठ तारखेला पहाटे टेंपो निघेल. त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार, मग तुझ्याकडे. ग्रामपंचायतीला अर्ज पाठवला आहे, त्यात लावायची जागा, पिशव्या, सगळं लिहिलं आहे. त्यांनी नाही म्हटलं तर फाटकात पिशव्या उतरवून ठेवीन आणि दारोदार जाऊन विचारीन. बांबू आणि सुतळी बरोबर आणते आहे. त्या उंचवट्याभोवती कुंपण घालायचं, म्हणजे आमच्यासारखे शहाणे त्यावर पाय देणार नाहीत. चालणाऱ्यांनी खाली ओल्या वाळूवर चालावं. तुझी विहीर एका पावसाळ्यात गोडी होणार नाही, मला माहीत आहे. वेल पसरायला दोन वर्षं लागतील. दोन्ही वर्षं मी येणार. तू दार उघड नाहीतर उघडू नकोस, आम्ही शाळेच्या ओट्यावर राहू.

भागीबाई येते आहे. पण तिची एक अट आहे. पिशव्या उतरवायच्या आधी तांडेलाला आणि सगळ्या गावाला बोलवायचं, आणि मी बोलायचं. तिच्यासमोर. तोवर ती वाळूवर पाय ठेवणार नाही, टेंपोतच बसून राहणार.

मी भाषण लिहून काढलं. दोन पानं झाली. त्यात पर्यावरण होतं, अज्ञान होतं, बायकांचे कष्ट होते, तुझी माझी मैत्री होती. परवा बागेत तिला वाचून दाखवलं. ती पिशव्यांना पाणी घालत होती. पूर्ण ऐकलं तिने, मग झारी खाली ठेवली.

"लय लांब झालं बाई," म्हणाली. "त्या बाबानं इचारलं व्हतं, कोणी काढलं. तेवढ्याचंच उत्तर द्या."

ती दोन पानं मी फाडली. गावासमोर मी काय बोलणार आहे ते आधी तुला लिहून पाठवते. रविवारी ऐनवेळी मी मागे सरले तर निदान तुझ्याजवळ तरी ते माझ्या अक्षरात असेल.

भागीबाईने नाही. मी काढायला लावलं, आणि नाव तिचं मी घेतलं.

लंका