आधी मुद्दा, मग चहा

४ ऑगस्ट, सोमवार

दहापैकी शून्य. परत!

बाकी सगळं ठीक. गणितातसुद्धा पास. पण ती विस्कटलेली वाक्यं — पाच-पाच वाक्यं उलटसुलट देतात, ती ओळीने लावून परिच्छेद करायचा — तिथे माझी बोंब. सराव परीक्षेत त्यांनीच बुडवलं. खरी परीक्षा १४ सप्टेंबरला. डिसेंबरात मला बेचाळीस पूर्ण होतील, मग वाडीप्रमुखाच्या जागेसाठी माझा अर्जच घेणार नाहीत. बारावीचा दाखला आत्ता मिळाला तर मिळाला.

आणि हे कोणाच्या नशिबी? ज्याला बोलण्यासाठी चार गावांतून बोलावणी येतात त्याच्या! मागणी घालायला मुलाचे वडील स्वतः तोंड उघडत नाहीत, मला पुढे करतात. माझ्या वडिलांनंतर हे काम माझ्याकडे आलं. सव्वीस मागण्या घातल्या, एकही परत आली नाही. आणि मला म्हणे वाक्यं लावता येत नाहीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

तिउर्माबाईंनी माझं उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं. आमच्या प्रौढवर्गाची शिक्षिका, पंचविशीची पोरगी, दूरच्या मेदान शहराकडची. तिकडच्या सगळ्यांसारखीच मनात आलं की बोलून मोकळी. माझं उत्तर असं होतं —

देवाच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. घरातली वायर जुनी होती. शेजारी बादल्या घेऊन धावले. सुरोसोंच्या घराला आग लागली.

"पाक पार, आग लागायच्या आधीच शेजारी बादल्या घेऊन धावले?" बाईंनी विचारलं. 'पाक' म्हणजे राव, तेवढा मान द्यायला चुकल्या नाहीत.

मी म्हटलं, ऐकणारा सुरोसोंचा भाऊ असला तर? एकदम आग म्हटल्यावर त्याचं काय होईल? वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांची उत्तरं तीच निघाली. बाईंनी कपाळाला हात लावला आणि फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं — मुद्दा आधी.

१२ ऑगस्ट, मंगळवार

घरीही सराव करायचा ठरवलं. सकाळी लास्मीला म्हटलं, भाजी खारट झालीय. एकोणीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मुद्दा आधी. दुपारी ताटात भाजीच नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

काय करून बसलो!

मारिजोच्या मुलासाठी मागणी घालायला गेलो होतो. चटयांवर तीसेक माणसं, मध्ये केळ्यांचे घड, पानात बांधलेला चिकट भात. एरवी मी पावसापासून सुरुवात करतो. मग भाताचं पीक, मग दोन्ही घरांचे वाडवडील, मग तुमच्या अंगणात एक फूल उमललंय असं ऐकतो — चाळीस मिनिटं आरामात जातात. पण महिनाभर डोक्यात नुसते परिच्छेद. तोंड उघडलं आणि बाहेर आलं,

"आम्हाला तुमची मुलगी हवी आहे. बाकीचं मागून सांगतो."

मुलीची आत्या बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मला वाटलं जप करतेय. मग लक्षात आलं — महिने मोजतेय! एवढी घाई मुलाकडच्यांना कधी असते, हे कोणाला ठाऊक नाही? मुलगी रडत आत पळाली. तिच्या वडिलांनी अत्यंत नम्रपणे विचारलं की परतीच्या वाटेवर आम्हाला पाऊस तर गाठणार नाही ना. आभाळात ढग नव्हता. आम्ही उठलो.

२५ ऑगस्ट

बाजारात लास्मीला तिघींनी विचारलं, त्या पोरीला कितवा महिना? मारिजो रस्त्यात भेटला आणि हसला. तो हसला म्हणजे फारच रागावलाय.

३१ ऑगस्ट, रविवार

एकटाच गेलो माफी मागायला. दोन तास वीस मिनिटं बोललो. पहिल्या तासात मुलीचं नावही काढलं नाही. तिचे डोळे सुजलेले होते, ते बघून मला माझीच लाज वाटली. परीक्षा माझी आणि बदनामी त्या पोरीची. शेवटी फुलाचा विषय काढला तेव्हा कुठे आत्याने चहात साखर घातली. मागणी मान्य झाली. लग्न मात्र पुढच्या जूनमध्ये, म्हणजे आत्याला मोजायला काही उरणार नाही.

निघताना मुलीचे वडील फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "पाक पार, यापुढे मागून काही सांगू नका."

१४ सप्टेंबर, रविवार

झाली एकदाची परीक्षा. पूर, चोरी, शाळेची सहल — सगळीकडे मुद्दा आधी, डोळे मिटून. शेवटचा प्रश्न पत्राचा. मुलगा परगावच्या आईला लिहितोय आणि वाक्यांत एक वाक्य — आजोबा आज पहाटे गेले. बरोबर उत्तर मला येत होतं. बाई म्हणतात, कागदाला काळीज नसतं. पण पत्र वाचणारीला असतं की! तिचा बाप गेलाय. पेन हातात धरून दहा मिनिटं बसलो. मग ते वाक्य शेवटीच लिहिलं.

लास्मीला अजून सांगितलेलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज निकाल होता. संध्याकाळी तिउर्माबाई घरी आल्या, पहिल्यांदाच. बसल्या. शेळी कधी व्यायली विचारलं. आमच्या वाडीचा रस्ता चांगला आहे म्हणाल्या, तो नाही. गोड चहा त्यांना चालत नाही, तरी अजून एक पेला मागून घेतला. मग लास्मीच्या कोंबड्या. अर्धा तास झाला. त्या परत शेळीवर आल्या, तेव्हा शेवटी मीच म्हटलं,

"बाई, मी नापास झालो."

"एका गुणाने," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

फार वाईट वाटलं. अजूनही वाटतंय. पण त्यांचं एकही वाक्य चुकीच्या जागी नव्हतं. मी पैकीच्या पैकी दिले.