मासे जगेपर्यंत व्हॉल बंद

मुरबाड, १८ फेब्रुवारी २००३

ती. कमळूमामांस,

भाचा जगन याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसा आहे ते कळवा. इकडे आम्ही खुशाल आहोत. नोकरी तेवढी खुशाल नाही.

मी रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या सांभाळतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. (अंजू शेजारणींना ‘हे पाणीखात्यात आहेत’ असं सांगते, मी खोडत नाही.) दिवाळीनंतर शेठने नवी पद्धत आणली. लालभडक पाण्यात आम्ल, हिराकस आणि वरून पेरॉक्साइड घालायचं. रंगाचा पार निकाल लागतो. मग चुना मारला की तांबडा गाळ खाली बसतो आणि पाणी इतकं नितळ होतं की टाकीच्या तळाचे बोल्ट दिसावेत. मी हरखलो. शेठ त्याहून हरखला. तपासणीच्या साहेबांना लांबूनच दिसावं म्हणून त्याने नाल्याच्या तोंडाशी काचेची पेटी बसवली, त्यात हेच पाणी भरलं आणि कल्याणहून सोनेरी मासे आणवले. ते दुपारपर्यंत पोहले. मग उताणे तरंगू लागले.

आमच्या केमिस्ट वत्सलाबाईंनी आधीच बजावलं होतं, पाणी नितळ झालं तरी त्यात पेरॉक्साइड उरतं, ते संपेपर्यंत पाणी अडवून ठेवा. पण पाणी अडवलं की रंगाचं काम अडतं, म्हणून शेठने मासे बदलले. मेले, पुन्हा बदलले. (आणायला मीच जातो. दुकानदार मला मोठा शौकीन समजून चहा पाजायचा.) शेवटी शेठ म्हणाला, टाकीचं पाणी राहू दे, पेटीला साध्या पाण्याचा नळ जोडा. जोडला. नेमकी त्याच दिवशी त्याने नळाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर ओतायला लावली होती. या खेपेचे मासे दुपारपर्यंतही थांबले नाहीत. मला हसू आवरेना आणि शेठचा पारा चढला.

पण मामा, त्या नाल्यावर आपल्या दोन म्हशी पाणी पितात. त्या काही कल्याणहून बदलून आणता येत नाहीत. काल मी नाल्यात पाणी सोडायचा व्हॉल बंद केला आणि किल्ली कमरेला बांधली. शेठ ओरडला, ‘‘सोमवारी साहेब येतो. पाणी सोड, नायतर घरी बस.’’ मी म्हटलं, ‘‘घरी नाय, इथंच बसतो. पेटीत टाकीचंच पानी भरतो, त्यात मासे जगले का सोडतो.’’ आणि व्हॉलवर बसलो. (व्हॉल बसायला फार वाईट. अंजूने उशी पाठवली आहे.) टाक्या काठोकाठ भरल्या, काम बंद पडलं. वत्सलाबाई म्हणतात, सोमवारपर्यंत पाण्यातलं पेरॉक्साइड संपेल, मासे जगतील. शेठ म्हणतो, सोमवारी पेटीत मासे पोहताना दिसले नाहीत तर तुझी नोकरी गेली. मी म्हटलं, मंजूर. मी कुणाच्या बापाला भीत नाही, माफी मागणार नाही, उठणार नाही.

मामीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला, जागचा न हलणारा भाचा
जगन

ता. क. खरं काम असं की कल्याणचा दुकानदार आता मला मासे देत नाही (माझ्या हातगुणाची बातमी त्याला लागली). तरी तुमच्या उंबरमाळीच्या ओढ्यातले बोटभर मासे दुधाच्या कॅनमध्ये घेऊन रविवारीच या. धट्टेकट्टे बघून आणा. मला भीती वाटते आहे.

आणखी ता. क. मासे मेलेच तर शेठ म्हणेल, पाणी झकास होतं, तुझ्या मामाचे मासेच रोगट. म्हणून दुसऱ्या कॅनमध्ये ओढ्याचं नुसतं पाणी आणा. निम्मे मासे त्यात घालून पेटीशेजारीच ठेवतो. इथलंच घेतलं असतं, पण मासा हमखास जगेल असं पाणी इथे मी कुणाकडे मागू?