खिशातलं खिशात

मुख्याध्यापकांच्या कोटाच्या खिशात काय सापडलं, ते त्यांच्या बायकोला कळवायला तुला सांगितलं होतं कोणी? याचं उत्तर आधी मनात तयार ठेव, मग पुढे वाच.

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. (अर्धेच पाठवतेय. उरलेले वागणूक बघून.) तब्येत बरी असेल, नसायला काय झालं, दिवसभर खुर्चीत बसून बोटं तेवढी हलवायची. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी आई त्यांच्यावर ताण करते, आणि तुझा बाप आठ दिवस कोणाशी बोलत नाहीये, ही घरातली एकुलती एक चांगली बातमी. अक्षर मोठं काढलंय ते तुझ्या डोक्यात शिरावं म्हणून. फोन सोडून कागद का, तर हा लिफाफा मी डिंकाने चिकटवून वर अंगठा दाबलाय. वाटेत कोणी उघडला तर तुला कळेल. तुझ्या ॲपात एवढी तरी सोय आहे का?

चाळीस वर्षं ही लाँड्री चालली ती काही साबणावर नाही. लोक कपडे देतात तेव्हा खिसेही देतात. त्यांत काय काय निघतं ते मी देवापुढेसुद्धा बोलले नाही. (त्याला ठाऊक असेल तर त्याने सांगावं.) सापडलं की लिफाफ्यात, लिफाफा पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. ज्याचा खिसा, त्याच्याच हातात. मग तू सुट्टीत आलीस, पेटीला फिदीफिदी हसलीस आणि फोनात ॲप घालून गेलीस. बोललं की लिहून घेतं, कपडे झाले की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जातो. मीही भुलले. नात म्हटली की शहाणी बाईसुद्धा अर्धी अक्कल गहाण टाकते.

आता मुख्याध्यापक म्हणजे असा माणूस, की ज्यांच्या धाकाने शाळेची घंटासुद्धा उशिरा वाजत नाही. त्यांच्या कोटात निघाला नाचाच्या वर्गाचा पास. नवशिक्यांची तुकडी. मी नियमाप्रमाणे 'खिशातलं' या खणात सांगून ठेवलं. कोट झाला आणि तुझ्या ॲपने त्यांच्या घरच्या नंबरावर, म्हणजे बायकोच्या फोनवर, खुशाल कळवलं, "आपला कोट तयार आहे. नाचाच्या वर्गाचा पास, दर मंगळवारी." मंगळवारी ते घरी बैठकीचं सांगून निघतात! बाई आल्या त्या कोट न्यायला नव्हेच. काउंटरवर पंजा आपटून, "कोणाबरोबर नाचतात, ते सांगा!" मागून मुख्याध्यापक घामाघूम होऊन आले आणि आठ गिऱ्हाइकांसमोर त्यांना कबूल करावं लागलं, की जोडीदार मिळाला नाही म्हणून ते खुर्ची धरून नाचतात, लग्नाच्या वाढदिवसाला बाईंना चकित करायचं होतं. बाई झाल्या चकित. पण भल्या माणसाचं नाक गेलं ते गेलं. धुवायला टाकलेले शाळेचे पडदे त्यांनी तेव्हाच उचलून नेले, तेही ओले. वाटभर पाणी गळत होतं, आणि सगळे बघत होते कुठून गळतंय ते.

तुझ्या बापाने रागाने दुकानाचा फोन आपटला, काच फुटली, फोन गेला दुरुस्तीवाल्याकडे. तिथे तुझं दुसरं कर्तृत्व उघडकीला आलं. चार महिन्यांचं अख्ख्या गल्लीचं खिशातलं त्या फोनात उघडंच पडलेलं, ना कडी ना कुलूप. काच बसवता बसवता त्याने सगळं वाचून काढलं. तेव्हापासून तो माझ्याशी भलताच गोड वागतोय. मी पायरी उतरायला लागले की हात धरायला धावतो. असल्या लाघवीपणाने माझं टाळकं सणकतं.

आणि तू फोनवर काय म्हणालीस? "आजी, निरोप काय नि खिशातलं काय, कोडात दोन्ही नुसती अक्षरंच होती गं. एकाच्या जागी दुसरं गेलं." नुसती अक्षरं! मग लोकर काय नि चादर काय, दोन्ही नुसतं कापडच. म्हणून मी लोकर उकळत्या टाकीत घालते का? तुझ्या आजोबांनी केलेली खुंटी आठव. टाकीवरची, पिशव्या अडकवायची खुंटी एवढी जाड, की लोकरीच्या पिशवीची बारीक कडी तिच्यात शिरतच नाही. माणूस पेंगत असो, भांडून आलेला असो, चूक करायची म्हटली तरी होत नाही. कोडातही तसंच करता येतं, हे तुझ्याच तोंडून ऐकलं. खिशातल्याचा प्रकारच वेगळा ठरवायचा, मग तो निरोपाच्या जागी घालायला गेलं की ॲप बनायच्या आधीच अडतं. साठवायचं ते कुलूपबंद करून, किल्ली फोनाच्या आतल्या तिजोरीत. म्हणजे तुला माहीत होतं! माहीत होतं, आणि "घरचंच दुकान, कोण बघतंय" म्हणून केलं नाहीस. अडाण्याची चूक मी पोटात घालीन, शिकलेल्याचा आळस नाही घालणार.

मुख्याध्यापकांची माफी मी घरी जाऊन मागितली. (त्यांनी बसायला खुर्ची पुढे केली आणि मला हसू फुटलं. तेही पाप तुझ्याच माथी.)

अजून रागात असलेली,
तुझी आजी

ता.क. पडदे परत आलेत. म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस.

आणखी एक ता.क. 'खिशातलं'मध्ये माझ्या नावाची एक नोंद आहे. कोटाच्या भानगडीआधी स्वेटर धुवायला काढला, खिसा चाचपला, निघालं ते चाळीस वर्षांच्या सवयीने बोलून टाकलं. मग लक्षात आलं, खिसा माझाच. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. उजव्याने जवळजवळ दिसत नाही, ऑपरेशन करा, तोवर गरम इस्त्रीपासून लांब राहा. (अक्षर मोठं का, ते कळलं असेल. दुरुस्तीवाला हात का धरतो, तेही.) ऑपरेशन मी करीन, पण तारीख मी ठरवीन आणि घरात मीच सांगीन. तुझ्या बापाला आत्ता कळलं तर मला खिडकीशी खुर्चीत बसवील, ती कायमची. रविवारी तो सगळं नव्या फोनात घेणार आहे. त्याआधी तिकडूनच बाकीच्यांचं कुलपात घाल आणि माझं पुसून टाक. ज्याचा खिसा तोच मागतोय, नियमात बसतं. इस्त्रीला मी आठ दिवस हात लावलेला नाही. घरच्यांना वाटतंय, तुझ्यावरच्या रागाने. तो राग मला महिनाभर पुरवायचाय, तेव्हा मध्येच गोड बोलून घालवू नकोस.

उत्तर तूच द्यायचं, बापाकरवी नाही, आईकरवी नाही. तुझ्या हाताने, कागदावर, आणि अक्षर मोठं काढ.